न हललेला काटा

१

शनिवारी दुपारी पावणेदोनला ब्राइस टिडमोरचं इंजिन फुटलं आणि दोन वाजायच्या आत मी चार्ला व्हेनेबलचं नाव घेऊन मोकळा झालो. पंधरा मिनिटं. आयुष्यात एवढी घाई मी दुसऱ्या कशाची केली नसेल.

मी गेलन पर्व्हिस. सपल्पा गावाबाहेर टिडमोरांचं वर्कशॉप आहे, तिथे पस्तीस वर्षं शर्यतीच्या इंजिनांची इंधनाची बाजू मी सांभाळतो. टाकीपासून इंजिनापर्यंतचा पंप, नळ्या आणि दाब राखणारा रेग्युलेटर एकमेकांना जुळवून बसवायचा, हे माझं काम. पंप दांडगा आणि नळी बारीक, तर उपयोग नाही. नळी जाड आणि परतीची वाट अरुंद, तर दाब आवरत नाही. या जुळवाजुळवीत माझा हात धरणारा आसपासच्या तीन काउंट्यांत नाही, असं मीच लोकांना सांगत असे.

ब्राइसची गाडी अर्ध्या ट्रॅकवर पोचली नाही तोच बॉनेटखालून पांढरा धूर आला, मग काळा, मग जाळ. पिस्टन वितळला, ब्लॉकला भोक पडलं, तेल पेटलं. पोरगं स्वतःच्या पायांनी बाहेर आलं, पण दोन्ही हात मनगटापर्यंत भाजले होते. हात वाचतील, बोटं पूर्वीसारखी वळतील की नाही ते आत्ताच सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

त्याची आई लव्हॉन, म्हणजे आमची मालकीण, अँब्युलन्सच्या दाराशी उभी होती. तिने मला विचारलं, "गेलन, कसं झालं रे हे?"

पिटमधली, म्हणजे गाड्या तयार करायच्या जागेतली, सगळी माणसं ऐकत होती. मी म्हणालो, "माझं काम चोख होतं. पण गाडी सुटायच्या आधी चार्लाचा हात बॉनेटखाली होता. मी पाहिलाय."

यात खोटं काही नव्हतं, हे आठवून मला जास्तच लाज वाटते.

चार्ला आमच्याकडे टाक्या धुते, इंधन मिसळते, भरते. पस्तिशीची बाई. नवऱ्याने दुकान लुटलं तेव्हा बाहेर उभी गाडी हिची होती, म्हणून तुरुंगात गेलेली आणि आता पॅरोलवर सुटलेली. शुक्रवारी तिचं नि ब्राइसचं कडाक्याचं वाजलं होतं, हे सगळ्यांनी ऐकलं होतं. माझं वाक्य पुरेसं झालं. सोमवारी दुपारी बाराला शेरीफचा माणूस येणार आणि लव्हॉन मुद्दाम केलेल्या घातपाताची तक्रार लिहून देणार, असं ठरलं. तक्रार झाली की पॅरोल रद्द. उरलेली चार वर्षं आत.

चार्लाने माझ्याकडे पाहिलं आणि रिकामे डबे गोळा करायला लागली.

२

रविवारी चर्च सुटल्यावर मिस इमोजीन रॅटलिफ शेडमध्ये आल्या. निम्म्या गावाला त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलंय, मलाही. निवृत्त झाल्यापासून ट्रॅकच्या फाटकाशी बसून गाड्या तपासतात.

"गाडी पास मी केली आणि ती पेटली," त्या म्हणाल्या. "का पेटली ते मला कळायला हवं. लव्हॉन, उद्या बारापर्यंत वेळ दे मला."

"काय शोधायचंय ते शोधा. माझ्या पोराचे हात गेले."

"हात आहेत त्याचे. सकाळीच पाहून आले. माझा केक खाल्ला त्याने, नर्सकडून भरवून घेऊन. लाडावलाय." मग माझ्याकडे वळल्या. "चल गेलन, दाखव. आणि या खेपेला नुसतं उत्तर सांगू नकोस. शाळेत तू कायम उत्तर लिहायचास, रीत कधीच लिहायचा नाहीस."

मी उत्साहाने दाखवायला लागलो. नोंदी ठेवणारी संगणकाची पेटी वितळली होती. पण आग खालून, उजवीकडून लागली होती. डावीकडचा रेग्युलेटर नुसता काळवंडला होता. त्याच्या स्क्रूचा नट पुसून मी पिवळी रेघ दाखवली. "दाब बसवला की नटावर रंगाची रेघ ओढतो मी. कुणी स्क्रू फिरवला तर रेघ तुटते. ही शाबूत आहे."

"केव्हा ओढलीस?"

"गुरुवारी दुपारी, इंजिन बंद ठेवून नुसत्या पंपावर त्रेचाळीस पौंड दाब बसवला तेव्हा."

मग ब्राइसच्या गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. काचेबाहेर बॉनेटवर इंधनाच्या दाबाचं घड्याळ असतं, ते त्यात स्वच्छ दिसत होतं. गाडी सुटली, सगळं थरथरलं, जाळ दिसेपर्यंत काटा त्रेचाळीसवर. शुक्रवारी इंजिन पहिल्यांदा नुसतं सुरू करून पाहिलं होतं, त्याचं ब्राइसच्या फोनवरचं चित्रणही दाखवलं. त्यातही त्रेचाळीस.

"काटा हलला नाही, मिस इमोजीन," मी छाती काढून म्हणालो. "पंप कमी पडला असता, नळी चोंदली असती, तर काटा पडला असता. माझ्या बाजूने इंधन शेवटपर्यंत पोचत होतं. राहता राहिलं ते टाकीत काय भरलं होतं आणि कुणाचा हात कुठे होता."

"आणि एखादं बूच आत राहिलं असेल तर?"

मी हसलोच. भिंतीवरच्या फळीपाशी त्यांना नेलं. नळी काढून काम करायचं तर तिच्या तोंडाला बूच लावावं लागतं, आणि आमच्याकडे प्रत्येक बुचाला वीतभर लाल फीत बांधलेली असते. फीत बाहेर लोंबते, मग बूच विसरता येत नाही. फळीवर सात खिळे, सात बुचं. हा नियम माझा. मागच्या वर्षी चार्लाने घाईत बिनफितीचं बूच वापरलं, तेव्हा गिऱ्हाइकांसमोर मी तिची अशी खरडपट्टी काढली होती की ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

"मोजा," मी म्हणालो. "सातच्या सात."

त्यांनी मोजली. हात लावला नाही, चष्मा वर करून जवळून पाहिलं. "ही राखाडी पूड कसली?"

"मंगळवारी ब्राइसने इंजिनाचं मॅनिफोल्ड मशीनने घासलं, पडदा न लावता. पूड अख्ख्या शेडभर झालीय. अजून नाकातून निघते."

"बरं. शनिवारी चार्ला तुझ्याशी काही बोलली होती?"

"नाही," मी म्हणालो. "विशेष काही नाही."

ती मला काहीतरी विचारायला आली होती आणि मी तिला हाकलून दिलं होतं. मिस इमोजीनना मी ते सांगितलं नाही.

३

भरलेल्या प्रत्येक इंधनाची एक बाटली चार्ला कपाटात ठेवते. शनिवारच्या बाटलीतलं थोडं मिस इमोजीननी काचेच्या नळीत ओतलं, पाणी घातलं, हलवलं. इंधनातलं अल्कोहोल पाण्यात उतरलं, पेट्रोल वर तरंगलं. त्यांनी रेघा मोजल्या.

"शंभरात पंच्याऐंशी अल्कोहोल. हवं तेवढंच. पाठव तिला माझ्या वर्गात."

मग आम्ही ड्वाइट एस्कोकडे गेलो. पूर्वी तो आमच्याकडे होता, आता केलीव्हिलला त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे आणि शनिवारी तो आमच्या गाडीभोवती घुटमळताना दिसला होता. तो मागच्या अंगणात कॅटफिश तळत होता.

"ये गेलन. अजून कुणाकुणावर बिल फाडायचंय?" तो म्हणाला. "बसा, मिस इमोजीन. भेंडी पण तळलीय."

"आमच्या गाडीपाशी काय करत होतास तू?" मी विचारलं.

"तुमच्या गाडीला काय चाटायचंय मला? चार्लाला विचारायला आलो होतो, माझ्याकडे येतेस का. शुक्रवारी ब्राइसने तिला माझ्याशी फोनवर बोलताना ऐकलं, म्हणून तर आरडाओरडा केला त्याने. तुम्ही लोक तिच्याकडून डबे धुऊन घेता. त्या बाईला यंत्र कळतं रे. पुस्तिका घरी नेऊन वाचते ती."

म्हणजे भांडणाचं कारण एवढंच. मी भेंडी खात राहिलो.

तिथून चार्लाकडे गेलो, ती स्वतःच्या घराच्या पायरीवर बसली होती. मला पाहून उठली नाही, मिस इमोजीनना पाहून उठली.

"बॉनेटखाली हात कशाला घातला होतास, चार्ला?" त्यांनी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. "एक नळी नीट बसलीय का, ते चाचपत होते."

"कुठली?"

"रेग्युलेटरवरची. ती हवेची, करंगळीएवढी."

"का गं?"

"काटा मला बरोबर वाटत नव्हता."

"मग गेलनला नाही का सांगायचं?"

चार्लाने नखातला काळा मळ खरवडला.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "तो म्हणाला, फडकं घे आणि आपलं काम कर. परत माझ्या इंजिनाशी दिसलीस तर नोकरी गेली समज."

४

परतीच्या वाटेवर मिस इमोजीन गाडी चालवत होत्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी रेडिओवरचं हवामान ऐकलं. शेवटी मीच म्हणालो, "मी तुमच्याशी खोटं बोललो."

"हो," त्या म्हणाल्या. "सीटबेल्टला पीळ पडलाय तुझ्या."

शेडमध्ये आल्यावर त्यांनी भिंतीवरच्या पाटीवरचं सगळं पुसलं आणि खडू माझ्या हातात दिला. "मला तुझी रचना समजावून सांग. मी सातवीत आहे असं समज."

हे काम मला आवडतं. मी टाकी काढली, पंप काढला, नळ्या काढल्या. "हजार-दीड हजार घोड्यांचं इंजिन म्हणजे अधाशी काम. त्याला टर्बो हवा कोंबतो, पंचवीस पौंडांच्या दाबाने. इंधनाला त्या हवेच्या विरुद्ध आत शिरायचं असतं."

"दारातून गर्दी बाहेर येत असताना आत घुसावं, तसं?"

"तसंच. म्हणजे इंधनाचा दाब हवेइतकाच वाढायला हवा. त्यासाठी ती छोटी नळी. इंजिनात हवा किती चढली ते ती रेग्युलेटरला कळवते. हवा एक पौंड चढली की तो इंधन एक पौंड चढवतो."

"आणि गाडी नुसती उभी असेल, टर्बो शांत असेल तेव्हा?"

"तेव्हा इंजिन उलट शोषतं. मग दाब थोडा उतरतो. नळी काढून त्रेचाळीस बसवला असेल, तर नळी लावल्यावर अडतीसच्या आसपास."

"पूर्ण जोरात धावताना?"

"त्रेचाळीस अधिक पंचवीस. अडुसष्ट."

"लिही."

मी अडतीस लिहिलं. अडुसष्ट लिहिलं. खडू पाटीवर तसाच राहिला.

मिस इमोजीननी ब्राइसच्या गाडीतलं चित्रण पुन्हा लावलं. त्रेचाळीस. मग शुक्रवारचं. त्रेचाळीस.

कसं सांगू? पस्तीस वर्षं मी बिनटर्बोची इंजिनं जुळवली. त्यांत काटा स्थिर राहिला की रात्री झोप लागते. न हलणारा काटा म्हणजे चांगला काटा, हे माझ्या डोळ्यांत भिनलेलं. हे आमचं पहिलंच टर्बोचं इंजिन. पुस्तकातलं सगळं मला पाठ होतं, आत्ता घडाघडा सांगितलंच, पण डोळे जुनेच राहिले होते. जो काटा मी पुरावा म्हणून सगळ्यांना दाखवत फिरत होतो, तो काटाच ओरडून सांगत होता की इंजिन उपाशी मरतंय.

आणि एवढं कळल्यावर मी काय केलं ते लिहायला हात धजत नाही. मी म्हणालो, "मग तिनेच काहीतरी केलं त्या नळीला. हात तिचाच होता ना तिथे?"

मिस इमोजीननी माझ्याकडे पाहिलं. पन्नास वर्षांपूर्वी मी शेजारच्याची वही पाहून लिहिलं होतं तेव्हा असंच पाहिलं होतं.

"तिचा हात शनिवारी तिथे गेला, गेलन. काटा शुक्रवारपासून त्रेचाळीसवर आहे. नळी त्याआधीच मुकी झाली होती. उद्या अकरा वाजता सगळ्यांना बोलाव. आणि आज रात्री विचार कर, की गुरुवारी नळी काढलीस तेव्हा तिच्या तोंडाला काय लावलं होतंस."

"बूच," मी म्हणालो. "फळीवरचं. नेहमीसारखं."

"मग उद्या ते मला दाखव."

५

सोमवारी अकराला लव्हॉन आली, रात्रभर हॉस्पिटलच्या खुर्चीत बसून आलेली. चार्ला दाराशीच उभी राहिली. हातात पिशवी होती, त्यात कपडे असावेत. पकडून नेतीलच, असं ती धरून चालली होती.

मिस इमोजीननी काट्याची गोष्ट लव्हॉनला सांगितली, पाटीवरचे आकडे दाखवले. मग म्हणाल्या, "रेघ शाबूत, म्हणजे स्क्रू कुणी फिरवला नाही. इंधन ठीक. नळी जागेवर, तिची क्लिप घट्ट. तरी हवेचा निरोप रेग्युलेटरला पोचला नाही. म्हणजे नळीत काहीतरी अडकलंय, आणि ते शुक्रवारी इंजिन सुरू व्हायच्या आत अडकलंय. गेलन, गुरुवारी लावलेलं बूच दाखव."

मी फळीपाशी गेलो. कुठल्याही एकाकडे बोट दाखवलं असतं तर चाललं असतं, असं मला वाटलं होतं.

सातही बुचांवर मंगळवारची राखाडी पूड होती. फितींवर, गाठींवर, खिळ्यांच्या डोक्यांवर सारखी पसरलेली. एकावरही बोटाचा ठसा नव्हता. मंगळवारनंतर त्या फळीला कुणाचा हात लागलेला नव्हता. माझाही नाही.

आणि तेव्हा मला सगळं आठवलं. आठवलं असं म्हणतो, पण रात्रभर ते माझ्या उशाशीच बसलं होतं आणि मी त्याच्याकडे पाठ करून झोपलो होतो. गुरुवारी माझे गुडघे दुखत होते. फळी दहा पावलांवर होती. हाताशी बेअरिंगच्या छऱ्यांची वाटी होती. वाटाण्याहून लहान पोलादी छरा नळीच्या तोंडात दाबला, घट्ट बसला. एवढ्यासाठी कोण जातंय तिकडे, असं मनात आलं. दाब बसवला, रेघ ओढली, लव्हॉनने जेवायला हाक मारली. येऊन नळी तशीच रेग्युलेटरच्या तोटीवर दाबली. तोटीने छरा आत ढकलला. बाहेर लोंबायला फीत नव्हतीच.

मिस इमोजीननी खिशातला चाकू उघडून मूठ माझ्याकडे केली. "तूच काप. रीत दाखव."

मी नळी काढून आणली. लव्हॉनने ती टेबलावर धरली. टोकापासून दोन बोटांवर नळी किंचित फुगली होती. चिरली तसा छरा टपकन पडला आणि फरशीवरून घरंगळत चार्लाच्या बुटाला लागून थांबला.

चार्लाने तो उचलला, पाहिला आणि टेबलावर ठेवला.

"मी केलं," मी म्हणालो. "लव्हॉन, ब्राइसचे हात मी जाळले. आणि ही मला सांगायला आली होती."

लव्हॉन खाली बसली. तिच्या नवऱ्याने मला या शेडची किल्ली दिली होती, ती माझ्या कमरेला होती. तिने हात पुढे केला. मी किल्ली दिली. त्याला वेळ लागला, कारण कडी निघत नव्हती.

बाराला शेरीफचा माणूस आला तेव्हा त्याने विचारलं, तक्रार कुणाविरुद्ध? मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, ही तर चूक आहे, यात मी काय लिहू. टोपी घालून गेला. त्याने मला पकडून नेलं असतं तर मला हलकं वाटलं असतं.

६

चार्ला बाहेर गेली तसा मी तिच्या मागे गेलो. डब्यांच्या ढिगाआड तिला गाठून म्हणालो, "चार्ला, माफ कर मला."

तिने पिशवी खाली ठेवली. "माझं नाव कुठे घेतलं होतंस, गेलन?"

"ट्रॅकवर."

"कुणासमोर?"

"सगळ्यांसमोर."

"मग माफी इथे डब्यांमागे का मागतोस?"

ती एस्कोच्या गाडीत बसून गेली.

पुढच्या शनिवारी ट्रॅकवर सकाळची बैठक होती. सगळे ड्रायव्हर, मेकॅनिक, त्यांच्या बायका, कॉफीचे पेले. मिस इमोजीन नियम वाचून दाखवत होत्या. मी हात वर केला तर त्यांनी न विचारता माइक माझ्या हातात दिला. मी छऱ्याचं सांगितलं. फितींचा नियम माझाच होता हे सांगितलं. तिने मला अडवलं होतं आणि मी तिला फडकं घ्यायला सांगितलं, हे सांगितलं. बोलताना मी जमिनीकडे पाहत होतो. मधेच मला वाटलं की हेही चुकतंय, म्हणून मान वर केली. चार्ला एस्कोच्या लाल शर्टात मागे उभी होती, हाताची घडी घालून. शेवटपर्यंत ऐकलं तिने. टाळी वाजवली नाही, मान हलवली नाही. मी माइक परत दिला तशी वळून आपल्या गाडीकडे गेली.

त्या दिवशी मला कुणी काम दिलं नव्हतं आणि घरी जावंसं वाटत नव्हतं. मी कुंपणाशी उभा राहिलो. एस्कोची टर्बोची गाडी रांगेत आली. चार्लाने वाकून रेग्युलेटरवरची नळी लावली, हातातल्या बुचाची लाल फीत मागच्या खिशात खोचली, आणि इंजिन सुरू झालं. बॉनेटवरचं घड्याळ माझ्यापासून सहा-सात पावलांवर होतं. काटा अडतीसवर बसला. ड्रायव्हरने पाय दाबला तसा तो वर चढला, पाय काढला तसा उतरला.

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग घड्याळाकडे. काटा हलत होता.